सुरतेत आयटीआयचा ‘कोपा’ : ट्रेडचं प्रमाणपत्र देशभर चालतं, जातीचा दाखला नाही

सुरत : दहावीचा निकाल लागला की उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत एकच विषय असतो. पोराला आता कुठं टाकायचं? कॉलेजची चार-पाच वर्षं काढायची ऐपत नसते आणि लूमवर किंवा साडी मार्केटात लगेच लावायला मन होत नाही. अशा घरांसाठी आयटीआयचा ‘कोपा’ म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रामिंग असिस्टंट हा एक वर्षाचा ट्रेड आहे.

आयटीआयची वाट इथल्या मराठी माणसाला नवी नाही. केंद्रीय मंत्री सी. आर. पाटील मूळचे जळगाव जिल्ह्यातले. त्यांनीही सुरतच्या आयटीआयमध्येच शिक्षण घेतलं.

काय शिकवतात?

प्रवेशासाठी दहावी पास लागतं. २०२२ च्या अभ्यासक्रमानुसार वर्षाचे १२०० तास असतात. त्यातले ८४० तास प्रात्यक्षिकाचे. वर्ड, एक्सेल, डेटाबेस, नेटवर्किंग, वेबपेज बनवणं, सायबर सुरक्षा आणि प्रोग्रामिंगची तोंडओळख त्यात येते.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आल्यापासून कापड मार्केटातली बिलं, रिटर्न, ई-वे बिल सगळं कॉम्प्युटरवर गेलं. त्यामुळे एक्सेल नीट येणाऱ्या पोराला पेढीवर काम मिळू शकतं. मात्र तिथं टॅलीही विचारतात. ते संस्थेत शिकवतात का, नसेल तर बाहेर किती खर्च येईल, हे आधीच बघावं.

प्रमाणपत्र कोणाचं?

खरी गोम इथं आहे. राष्ट्रीय परिषदेची, म्हणजे एनसीव्हीटीची मान्यता असलेल्या जागेवर शिकून अखिल भारतीय परीक्षा पास झालं की नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट मिळतं. ते सुरतेत चालतं तसंच नंदुरबार, पुण्यातही चालतं. १९६१ च्या कायद्याखालच्या अप्रेंटिसशिपलाही ते धरलं जातं. गुजरातमध्ये राज्य परिषदेच्या, म्हणजे जीसीव्हीटीच्या जागाही असतात. म्हणून फॉर्म भरताना ‘ही जागा कोणाच्या मान्यतेची?’ एवढं विचारायलाच हवं. गल्लीतल्या क्लासचं सर्टिफिकेट म्हणजे आयटीआय नव्हे. महाराष्ट्रातलं एमएस-सीआयटी आणि केंद्राच्या नायलिटचं सीसीसी हे कॉम्प्युटर साक्षरतेचे छोटे कोर्स आहेत. सरकारी नोकरीत ते कामाला येतात, पण ट्रेडची जागा घेत नाहीत.

दाखल्याचा घोळ

जातीच्या दाखल्याचं मात्र उलटं आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या राज्यवार आहेत. मूळ महाराष्ट्रातल्या कुटुंबाला इथल्या राज्य कोट्यात आरक्षण आपोआप मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये असाच निकाल दिला. ते प्रकरणही मुंबईच्या मेडिकल कॉलेजमधल्या प्रवेशाचं होतं. विद्यार्थी मूळचा आंध्रचा होता. जात दोन्ही राज्यांच्या यादीत असली तरी स्थलांतरिताला सवलत त्याच्या मूळ राज्यातच मिळते. त्यामुळे गावाकडचा दाखला जोडून निर्धास्त राहिलं, तर ऐनवेळी खुल्या गटात उभं राहावं लागतं. फॉर्म भरण्याआधीच संस्थेत विचारून घ्यावं.

पुढे डिप्लोमा करायचा असेल तर?

आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जायचं, तर एआयसीटीईच्या नियमानुसार दोन वर्षांचा ट्रेड लागतो. कोपा एकच वर्षाचा आहे. डोक्यात पॉलिटेक्निक असेल तर कॉम्प्युटर आणि नेटवर्क देखभालीचा ‘आयसीटीएसएम’ हा दोन वर्षांचा ट्रेड बघावा. तो सगळ्याच आयटीआयमध्ये नसतो.

लवकर कमाई हवी असेल तर कोपा ठीक. पुढे शिकायचं असेल तर दोन वर्षांचा हिशेब फॉर्म भरतानाच करावा, नंतर ट्रेड बदलणं सोपं नसतं.