सांगण्याआधी ऐकण्याची साधना

धर्म शिकवणाऱ्याला अज्ञानापेक्षाही सवयीचा धोका मोठा असतो. रोज प्रवचन करणाऱ्याच्या ओठांवर शब्द आपोआप येऊ लागतात, दाखले पाठ होतात, श्रोते माना डोलावतात आणि वक्त्याचे स्वतःचे ऐकणे कधी थांबले हे त्याच्याही ध्यानात येत नाही. म्हणूनच इतरांना शिकवण्याआधी रोज काही काळ देवापुढे शांत बसावे, असा दंडक बहुतेक सर्व धर्मपरंपरांनी घालून दिला आहे. आज अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहमदनगर जिल्ह्यात या दंडकाच्या खुणा ठिकठिकाणी सापडतात.

आपल्याकडे भक्तीचे नऊ प्रकार मानले जातात. त्यांत श्रवण पहिले आणि कीर्तन दुसरे. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या चौथ्या दशकात हाच क्रम ठेवला आहे. आधी ऐकावे, मग गावे, सांगावे. वेदान्तातही श्रवणानंतर मनन आणि निदिध्यासन येते. ऐकलेले मनात मुरल्यावाचून ते दुसऱ्याला देता येत नाही, हा त्यामागील विचार आहे.

नगरमधील अमेरिकन मराठी मिशनची परंपरा १८३१ पासूनची. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथेच सुरू झाले. याच वातावरणात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचे बरेचसे आयुष्य गेले. कोकणातील चित्पावन ब्राह्मण घराण्यात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. पुढे नगरला येऊन धर्मोपदेशक होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना ते शिकवू लागले. उत्तम वक्तृत्व, संस्कृतचा व्यासंग आणि काव्यशक्ती हे सारे त्यांच्यापाशी होते.

तरीही शब्दांची मर्यादा त्यांना पहिल्यांदा स्वतःच्याच घरात कळली. धर्मांतरानंतर पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे लगेच सोडले नाही. पतीच्या पांडित्याने जे साधले नाही, ते त्यांच्या स्वतःच्या विचारमंथनातून साधले. जातिभेद हा माणसाने निर्माण केलेला आहे, असा त्यांचा निश्चय झाला आणि १९०० मध्ये त्यांनी दीक्षा घेतली. ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांना हा प्रवास परिचित आहे. दुसऱ्याच्या अंतःकरणात देव स्वतः बोलत असेल, तर शिक्षकाने काही काळ गप्प राहणेच योग्य, हा त्यातून मिळणारा धडा.

टिळकांच्या उपासनेची भाषाही पुढे बदलत गेली. परदेशी चालींवर बेतलेल्या गीतांबरोबर अभंग, भजन आणि कीर्तन यांना त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत स्थान मिळवून दिले. तुकारामांच्या वाणीतून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानत. अखेरीस १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. दरबारात बोलण्याचा पहिला मान राजाचा असतो आणि सेवक आज्ञेची वाट पाहतो. या नावातच ऐकण्याची वृत्ती सामावलेली आहे. मात्र या नव्या कार्यासाठी त्यांना जेमतेम दोन वर्षे लाभली.

नगरपासून जवळच, अरणगावलगतच्या मेहेराबादेत याच विचाराचे टोकाचे रूप पाहावयास मिळते. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते पाळले. गुरूने बोलणेच थांबवले, तरी शिकवणे थांबले नाही. आरंभी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि नंतर हातांच्या खुणांनी ते संवाद साधत. आजही त्यांचे अनुयायी दरवर्षी १० जुलैला मौन पाळतात. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयास आलेला क्वेकर पंथही निःशब्द बसूनच उपासना करतो. अंतःप्रेरणा झाली तरच कोणी उठून बोलतो.

येथे एक प्रश्न उरतोच. आतून आलेला आवाज देवाचा की आपल्याच इच्छेचा, हे कसे ओळखावे? परंपरांनी यासाठी काही कसोट्या सांगितल्या आहेत. तो आवाज धर्मग्रंथाच्या शिकवणीशी जुळतो का? वडीलधाऱ्या, अनुभवी साधकांना तो पटतो का? आणि मुख्य म्हणजे, तो ऐकणाऱ्याला नम्र करतो की अहंकारी? जो आवाज नेहमी आपल्याच सोयीचे बोलतो, त्याविषयी शंका घेणेच शहाणपणाचे. म्हणूनच हे ऐकणे एखाद्या दिवसाचे असून चालत नाही, ते नित्याचे असावे लागते. कान रोज लावला तरच आवाजांतील फरक कळू लागतो.

दूरचित्रवाणी आणि मोबाइलच्या पडद्यावर आज दिवसाचे चोवीस तास प्रवचने सुरू असतात. सांगणाऱ्यांची वाण नाही. पण उपदेश ऐकताना श्रोत्याने मनाशी विचारावे, की हा माणूस स्वतः शेवटचा कधी ऐकावयास बसला असेल? आणि घरात मुलांना दोन गोष्टी शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक आईवडिलांनी हाच प्रश्न आधी स्वतःला विचारावयास हरकत नाही.