कोटिंग राहू द्या, आधी फ्लॅप लावा

लावणीच्या दिवसांत नेरळ स्थानकाजवळ उभ्या केलेल्या मोटारसायकली जरा वाकून पाहाव्यात. टाकी चकचकीत असते. इंजिनाच्या पुढच्या पाख्यांवर, प्लगभोवती आणि सायलेन्सरच्या वळणावर मात्र चिखलाचा थर भाजून घट्ट बसलेला. कळंबकडून, ममदापूरकडून लोकल गाठायला आलेल्या या गाड्या. पॉवर टिलर एका खाचरातून दुसऱ्यात जाताना रस्त्यावर जो चिखल सांडतो, तो सगळा यांच्या वाट्याला येतो.

दोष आपण समोरच्या वाहनाला देतो. इंजिनावरचा बराचसा चिखल मात्र आपलंच पुढचं चाक उडवत असतं. ताशी 50 किलोमीटर वेगात टायरला चिकटलेलं पाणी सेकंदाला सुमारे 14 मीटर वेगाने सुटतं आणि मागे इंजिनाकडे झेपावतं. जुन्या बुलेटचं लोखंडी मडगार्ड ते बरंचसं अडवायचं. आता देखणेपणापायी मडगार्डं आखूड झाली आणि पाण्याला वाट मोकळी मिळाली.

यावर उपाय स्वस्त आहे. जुन्या ट्यूबचा जाडसर तुकडा मडगार्डच्या मागच्या टोकाला दोन नटबोल्टनी बसवायचा. गतिरोधकाला घासला तर वाकावा इतका मऊ, पण गाडी मागे ढकलताना चाकात ओढला जाणार नाही इतका पक्का. हौसेने मडगार्डच टायरला चिकटवून घेऊ नये. भाताच्या खाचरातला चिकट चिखल त्या फटीत ठासून बसतो आणि चाक जाम होतं. रानावनात चालवायच्या गाड्यांचं मडगार्ड उंचावर असतं ते यासाठीच.

दुसरी नाजूक जागा म्हणजे फोर्कची क्रोम नळी. खडीचा टवका उडाला की तिथे गंज धरतो, तो खरबरीत ठिपका वर-खाली होताना ऑइल सील कापतो आणि तेल ओघळायला लागतं. ते डिस्कवर पोचलं तर ब्रेकचं काही खरं नाही. फोर्कला रबरी बूट घालावेत, पण आत पाणी साचलं नाही ना, हे अधूनमधून सरकवून बघावं. चेनचं म्हणाल तर स्प्लेंडरसारखं बंद चेनकव्हर दिसायला कितीही जुनाट असो, पावसात त्याला तोड नाही.

खडीच्या डंपरमागे चिकटून जाणाऱ्यांसाठी एक हिशेब. पुढून सांडलेला खडा रस्त्यावर उसळत जवळपास जागेवर आला असेल, तर आपणच त्याच्यावर जाऊन आदळतो. वेग 40 चा 60 केला की त्या आघाताची ऊर्जा सव्वादोन पट होते. टाकीवर महागडी पारदर्शक फिल्म चिकटवण्याआधी अंतर ठेवलेलं बरं. त्याला पैसे पडत नाहीत.

लेगगार्डला रेक्झिन बांधण्याची आपल्याकडची रीत पायांसाठी उत्तम. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचा वारा मात्र त्याने अडतो, म्हणून पाऊस सरला की ते काढून ठेवावं. डिझेल आणि काळ्या ऑइलचा फवारा मारून घेणाऱ्यांनी तो टायर, ब्रेक आणि रबरी भागांवर पडू देऊ नये. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला आधीच सांगा: प्रेशरचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर आणि चेनवर रोखू नको. चिखल नुसता बाहेर बसतो, प्रेशरचं पाणी त्याला आत ढकलतं.