हिर्डोशीच्या ओटीवर लिनक्स

भोर सोडून वरंध घाटाच्या दिशेने निघाले, म्हणजे नीरा-देवघर धरणाचे पाणी पाहत पाहत हिर्डोशी लागते. हिरडस मावळातला हा मुलूख पावसाचा आणि भाताचा. वारावादळाच्या दिवसांत येथे वीज केव्हा जाईल आणि केव्हा येईल, याचा नेम नसतो. टीव्हीला जोडलेल्या संगणकावर खेळ खेळण्यासाठी कोणती लिनक्स निवडावी, हा आजचा विषय. त्याच्याशी या गावाचा काय संबंध, अशी शंका श्रोत्यांच्या मनात येईल. संबंध इतकाच, की या प्रश्नाचे उत्तर आम्ही शहरात बसून दिले आणि ते हिर्डोशीस चुकले. ते का चुकले याचा विचार करू लागलो, तेव्हा विषय आम्हांला प्रथम नीट समजला.

हकीकत अशी. आमच्या नात्यातील एका घरी पुण्याहून एक जुना संगणक गावी नेला होता. ओटीवरच्या टीव्हीला तो जोडलेला. सुट्टीत जमणाऱ्या मुलांचे ते मोठे आकर्षण. त्यावर विंडोज १० होती. मायक्रोसॉफ्टने तिची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली, आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप व प्रोसेसर या जुन्या यंत्रात नव्हते. यंत्र धडधाकट, पण कागदोपत्री निकामी! आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले, “लिनक्स घाला.” एवढेच नव्हे, तर दिवाळीच्या सुट्टीत स्वतः जाऊन आमच्या आवडीची, सदैव नव्यात नवी राहणारी एक लिनक्स घालून दिली. दोन दिवस खेळ रंगले. तिसऱ्या दिवशी अपडेट चालू असताना वीज गेली. परत आली तेव्हा पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या अक्षरांच्या चार ओळी, बाकी काही नाही. आम्ही पुण्यास, यंत्र हिर्डोशीस. फोनवरून ‘असे टाइप करा, तसे टाइप करा’ सांगण्यात सुट्टी संपली. आजोबांनी यंत्रावर एक पोते टाकले आणि म्हणाले, “चालत होतं ते तुम्ही बंद केलंत.” या वाक्याला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

आता मूळ विषयाकडे वळू. लिनक्स हे वस्तुतः गाभ्याचे नाव. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तो लिहावयास घेतला आणि जगापुढे मोकळा ठेवला. आपल्या खिशातील अँड्रॉइड फोनही याच गाभ्यावर चालतो. मात्र नुसता गाभा घेऊन गृहस्थाचे काम भागत नाही. त्याभोवती पडदा, अक्षरे, ध्वनी, फायली यांची व्यवस्था रचावी लागते. ही रचना ज्याने त्याने आपल्या मताने केली, म्हणून लिनक्सच्या अनेक आवृत्त्या झाल्या. तांदूळ एकच, कोणी त्याचा भात करतो, कोणी भाकरी थापतो, कोणी घावन घालतो. कोणते श्रेष्ठ, हा वाद व्यर्थ आहे; पंगतीस कोण बसले आहे ते आधी पाहावे.

कोणी विचारील, “खेळ तर विंडोजसाठी लिहिलेले; ते लिनक्सवर चालतील कसे?” शंका रास्त आहे. वाल्व्ह या अमेरिकन कंपनीने २०१५ साली लिनक्सवर चालणारी टीव्हीजवळची खेळयंत्रे बाजारात आणली, तेव्हा ती फारशी चालली नाहीत. त्यांवर चालणारे खेळच थोडे होते. पुढे २०१८ साली त्याच कंपनीने ‘प्रोटॉन’ काढले. वाइन नावाचा प्रकल्प १९९३ पासून हेच काम करीत होता. प्रोटॉन त्याच्याच पायावर उभे आहे. हा एक दुभाषा समजावा. खेळ विंडोजच्या बोलीत मागणी करतो, ‘अमुक चित्र काढ’. दुभाषा ती मागणी लिनक्सच्या बोलीत, चित्रांच्या बाबतीत ‘व्हल्कन’ नावाच्या बोलीत, सांगतो. संपूर्ण यंत्राचे सोंग आणावे लागत नसल्यामुळे वेग फारसा घटत नाही. २०२२ साली निघालेल्या स्टीम डेक या हातातील यंत्राने ही गोष्ट लाखो लोकांना पटवून दिली. पुण्यातील नॉडिंग हेड्स या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ २०२० साली आला, तोही विंडोजसाठी आणि प्रसिद्ध खेळयंत्रांसाठी. असे खेळ लिनक्सवर खेळावयाचे तर हाच दुभाषा कामी येतो.

तेव्हा निवड करताना प्रथम विचारावे, ते यंत्राला नव्हे, मुलांना : “तुम्ही खेळता काय?” एकट्याने किंवा घरातल्या घरात खेळावयाचे बहुसंख्य खेळ आज लिनक्सवर उत्तम चालतात. अडचण येते ती अनोळखी प्रतिस्पर्ध्यांशी दूरवरून खेळावयाच्या काही खेळांत. तेथे लबाडी पकडणारा एक पहारेकरी खेळाबरोबर येतो. ‘व्हॅलोरंट’चा पहारेकरी विंडोजच्या गाभ्यातच जाऊन बसतो, तो लिनक्सवर चालत नाही. ‘फोर्टनाइट’च्या मालकांनीही लिनक्सला दार उघडलेले नाही. ‘एपेक्स लीजेंड्स’ लिनक्सवर चालत असे, पण २०२४ साली तेही बंद करण्यात आले. घरातील मुलाचा जीव यांपैकी एखाद्या खेळात अडकला असेल, तर कोणतीही लिनक्स निवडली तरी घरात तंटा ठरलेला! येथे आवृत्तीचा दोष नाही. खेळ चालतो की नाही, याचे खेळणाऱ्यांनी नोंदविलेले अनुभव ‘प्रोटॉनडीबी’ या संकेतस्थळावर मिळतात. ते वाचूनच पुढे जावे.

दुसरा प्रश्न यंत्राच्या पोटातील चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा. २०१२ च्या आधीच्या बहुतेक कार्डांना व्हल्कनची बोली येत नाही; तेथे खर्च करू नये. एएमडीच्या कार्डांना लागणारे ड्रायव्हर लिनक्समध्येच मोकळेपणाने आलेले असतात, म्हणून टीव्हीजवळच्या यंत्रास ती अधिक सोयीची. एनव्हिडियाची कार्डे चालतात, पण त्यांचे ड्रायव्हर वेगळे येतात आणि जुन्या कार्डांना नव्या ड्रायव्हरांतून वगळले जाऊ लागले आहे. याउलट एएमडीच्या बाजूलाही एक खोच आहे. टीव्हीला बहुधा एचडीएमआय हीच जोडणी असते. तिच्या नव्या २.१ आवृत्तीचा पूर्ण उपयोग मोकळ्या ड्रायव्हरात करू देण्यास त्या जोडणीच्या मालक-मंडळाने २०२४ साली नकार दिला. महागड्या टीव्हीवर सेकंदाला १२० चित्रे पाहू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. सेकंदाला ६० चित्रांवर समाधान मानणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची झळ नाही.

तिसरा प्रश्न आम्ही हिर्डोशीस विचारलाच नाही, आणि तोच खरा होता : यंत्र अडले तर दुरुस्त कोण करणार? आणि अपडेटच्या मध्येच वीज गेली तर?

लिनक्सच्या जुन्या धाटणीच्या आवृत्त्या चालत्या घराचीच एकेक वीट काढून नवी बसवितात. काम अर्ध्यावर थांबले, तर घर ना जुने राहते ना नवे. नव्या धाटणीच्या काही आवृत्त्या मात्र शेजारी नवे घर पुरे बांधतात, आणि ते उभे राहिल्यावर पुढच्या वेळी यंत्र चालू होताना त्यात राहावयास जातात. जुने घर तसेच ठेवलेले असते. नव्यात गळती निघाली तर परत येता येते. घराचा पाया कुलूपबंद असल्यामुळे मुलांच्या हातून तो सहसा बिघडत नाही. शहाणा शेतकरी सगळे भात कधी कांडून टाकीत नाही, बियाण्याची कणगी राखतो. ही युक्ती त्याच जातीची.

या दृष्टीने आवृत्त्यांकडे पाहावे. वाल्व्हची स्टीमओएस अशीच दोन घरांची आहे. यंत्र चालू होताच खेळांची यादी टीव्हीवर येते आणि हातातील कंट्रोलरवर सगळे काम होते. मात्र ती मुख्यतः एएमडीच्या यंत्रांसाठी आहे, तिला नव्या एनव्हीएमई जातीची डिस्क लागते आणि बसविताना ती सगळी डिस्क पुसून टाकते. बॅझाइट ही फेडोरावर आधारलेली, स्वयंसेवकांनी चालविलेली आवृत्ती. तिचीही रचना दोन घरांचीच. ती अनेक प्रकारच्या यंत्रांवर बसते, एनव्हिडियासाठी तिची वेगळी प्रत मिळते आणि टीव्हीसाठी वेगळी. फेडोराला ज्या रेड हॅट कंपनीचा आधार आहे, तिच्या पुण्यातील कचेरीत भारतीय भाषांचे पुष्कळ काम झाले; ‘लोहित’ नावाचे मोकळे देवनागरी टंक तिनेच २००४ साली जगाला दिले. तेव्हा या आवृत्तीत मराठी अक्षर परके नाही.

कॅशीओएस आणि नोबारा यांचा भर वेगावर आणि नवेपणावर. ज्याला यंत्र उघडून पाहण्याचा नाद आहे, त्याला त्या आनंद देतील. आम्ही पहिल्यांदा याच वर्गातून निवड केली होती. आवृत्ती वाईट नव्हती, घर वेगळे होते. ज्या घरी संगणकावर हिशेब, पत्रे आणि छपाई आधी, खेळ नंतर, त्या घराने लिनक्स मिंट घ्यावी. तिचा वापर जुन्या विंडोजच्या वळणाचा असल्याने वडीलधाऱ्यांना बुजायला होत नाही, आणि तिच्यातील ‘टाइमशिफ्ट’ची सोय लावून ठेवली, तर मागच्या स्थितीत परत जाता येते. कुलूपबंद पायाची किंमतही सांगितली पाहिजे : एखाद्या जुन्या प्रिंटरसाठी पायात काही घालावयाचे झाले, तर तेथे अधिक खटपट पडते.

राहिला इंटरनेटचा प्रश्न. आजचा मोठा खेळ १०० जीबीच्याही वर जातो. रोज २ जीबी मिळणाऱ्या मोबाइलच्या योजनेवर तो उतरविण्यास ५० दिवस लागतील. तोवर सुट्टी कुठल्या कुठे! खेळ शहरात उतरवून बाहेरच्या डिस्कवर गावी न्यावा. ती डिस्क लिनक्सच्या ‘ईएक्सटी४’ पद्धतीने तयार करावी. विंडोजच्या पद्धतीची असली तर प्रोटॉन वारंवार अडखळते.

हिर्डोशीचे यंत्र अखेर असे लागले. पोते काढले, धूळ झाडली. कार्ड २०१७ सालचे एएमडीचे, डिस्क जुन्या जातीची. म्हणून स्टीमओएस बाद, आणि बॅझाइटची टीव्हीची प्रत घातली. एक लहान यूपीएस जोडला. मग आजोबांच्या देखत अपडेट चालू केले आणि ते अर्ध्यावर असताना आम्ही मुद्दाम बटण बंद केले. पुन्हा चालू केले, तो जुने घर जसेच्या तसे! खेळांची यादी आली. डिस्कच जळाली तर कोणतीच आवृत्ती तारणार नाही, हेही आम्ही त्यांना सांगितले. ते काही बोलले नाहीत. पोत्याची घडी घालून त्यांनी ते कोनाड्यात ठेवले.

तात्पर्य, सर्वांत उत्तम लिनक्स कोणती, हे विचारू नये. खेळ कोणते, कार्ड कोणते आणि यंत्र अडले त्या दिवशी घरात कोण असेल, हे तीन प्रश्न या क्रमाने विचारावेत. तिसऱ्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर आपली आवड बाजूस ठेवून, आपल्यावाचून चालेल अशी आवृत्ती निवडावी. दुसऱ्याच्या घरासाठी निवड करणाराने एवढे पथ्य पाळलेच पाहिजे.