मुलांच्या मोबाईलवरची ‘स्टार रेल’ : लढाईपेक्षा चिठ्ठीकडे लक्ष द्या

पुसद असो, दिग्रस असो की यवतमाळ शहर, संध्याकाळी घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : “अम्मी, मॅच सुरू आहे, आता नाही उठता येत.” बीजीएमआयसारख्या खेळात ते खरंही असतं. पण मुलगा ‘होनकाई : स्टार रेल’ खेळत असेल, तर हे कारण चालत नाही. हा खेळ पाळीपाळीने खेळायचा आहे. तुमची पाळी आली की खेळ तुमच्यासाठी थांबतो. नमाजला जा, जेवून या, लढाई जिथल्या तिथे असते.

शांघायच्या मिहोयो कंपनीने हा खेळ २६ एप्रिल २०२३ रोजी आणला. गोष्ट रेल्वेची आहे, पण पूर्वी मूर्तिजापूरला जाणाऱ्या आपल्या शकुंतलेसारखी नव्हे. ही गाडी एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर जाते. खेळणारा चार पात्रांची टोळी बांधतो. आग, बर्फ, वीज, वारा असे हल्ल्याचे सात प्रकार आहेत. समोरचा शत्रू कशाने कमजोर पडतो ते ओळखायचं आणि चाल करायची. बुद्धिबळासारखा थोडा विचार लागतो. मराठी, हिंदी किंवा उर्दू यात नाही, त्यामुळे आपली मुलं बहुतेक इंग्रजीतच वाचतात.

मग काळजी कशाची? खेळ फुकट आहे, पण नवी पात्रं बहुतेक ‘वॉर्प’मधून मिळतात. किराणा दुकानात पूर्वी पुठ्ठ्यावरची चिठ्ठी फाडायचो ना, तसंच हे. एका चिठ्ठीला १६० स्टेलर जेड लागतात. पाच तारे असलेलं पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के, म्हणजे हजार चिठ्ठ्यांत सहा. ९० चिठ्ठ्यांपर्यंत पाच ताऱ्यांचं एक पात्र नक्की मिळतं, पण ते हवं तेच असेल असं नाही. दुसरंच निघालं तर पुढच्या वेळी हवं ते मिळण्याची हमी. म्हणजे नशीब अगदीच वाईट असेल तर १८० चिठ्ठ्या, २८,८०० जेड.

खेळत राहिलं तर जेड फुकटही मिळतात. पण ‘सबर’ संपला की पैसे. साधारण १०० डॉलरच्या मोठ्या पॅकमध्ये बोनस धरून ८,०८० जेडइतका माल येतो. सगळं विकतच घेतलं, तर एका पात्रासाठी ३० हजार रुपयांच्या पुढे जाऊ शकतात. कापसाच्या पैशावर चालणाऱ्या घरात ही रक्कम किती मोठी, ते सांगायला नको.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. इथे मात्र पैसे जिंकायचेच नसतात, ते फक्त जातात. त्या बंदीचा रोख अशा खेळांवर नाही. अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये याच समूहाच्या ‘गेनशिन इम्पॅक्ट’ खेळाच्या प्रकरणात २ कोटी डॉलर भरायचं ठरलं, आणि १६ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय अशा चिठ्ठ्या विकायला मनाई झाली.

सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत जुगाराची मनाई आहे. पैसे देऊन अशी चिठ्ठी फाडणं त्यात बसतं का, हे आपल्या आलिमांना जरूर विचारा. विचारताना वरचे आकडे सांगा, नुसतं “मोबाईलचा गेम” म्हणू नका.

घरी आजच तीन कामं करा. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं ठेवा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका. आणि एकदा मुलाशेजारी बसून त्याला वॉर्पचं पान उघडायला लावा. शक्यतेचे आकडे तिथेच दिलेले असतात. हजारात सहा म्हणजे काय, हा हिशेब त्यालाच करू द्या.