उजेड वाढत नाही, दाट होतो : घरच्या भिंगांतून फोकल रिड्यूसर



मागच्या महिन्यात वर्गात भिंगांचा खेळ चालू होता. बुटाच्या खोक्यात एक भिंग बसवलं, मागे बटर पेपर लावला आणि खिडकीतून दिसणाऱ्या टॉवरची उलटी प्रतिमा मुलांना दाखवली. मग सहज दुसरं भिंग मध्ये धरलं. प्रतिमा लहान झाली, पण चांगली लख्ख दिसू लागली. एक मुलगी ओरडली, "टीचर, दुसऱ्या भिंगाने उजेड वाढवला!" मी "शाब्बास" म्हटलं आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने विचारलं, "टीचर, मग दहा भिंगं लावली तर वर्गात ट्यूबलाइट नको ना?" तेव्हा माझी चूक माझ्या लक्षात आली. मी ज्याला शाब्बास म्हटलं ते उत्तर चुकीचं होतं. भिंग उजेड तयार करत नाही. मग प्रतिमा उजळ कशी झाली? आजचा पाठ त्यावरच आहे.

आधी थोडी ओळख

बहिर्वक्र भिंग दूरच्या वस्तूची प्रतिमा जेवढ्या अंतरावर पाडतं, ते त्याचं नाभीय अंतर. चष्म्याच्या दुकानात मिळणाऱ्या 'प्लस चार' नंबरच्या भिंगाचं नाभीय अंतर १०० ÷ ४ म्हणजे २५ सेंटीमीटर असतं. 'प्लस दोन'चं ५० सेंटीमीटर. नंबर म्हणजे डायॉप्टर, एवढं कळलं की चष्म्याचं दुकान हीच आपली प्रयोगशाळा.

कॅमेऱ्याच्या लेन्सवर एफ/४, एफ/२.८ असे आकडे असतात. हा साधा भागाकार आहे : नाभीय अंतर भागिले भिंगाच्या उघड्या भागाचा व्यास. आकडा जितका लहान, तितकी प्रतिमा उजळ. उजळ प्रतिमा मिळाली की शटर कमी वेळ उघडं ठेवलं तरी चालतं, म्हणून छायाचित्रकार अशा लेन्सला 'फास्ट' म्हणतात. स्नेहसंमेलनात अंधाऱ्या हॉलमध्ये नाचणाऱ्या मुलांचे फोटो हलतात, कारण आपली लेन्स फास्ट नसते. आणि फास्ट लेन्स महाग असते.

आता भागाकार पुन्हा पाहा. उत्तर लहान करायचे दोन मार्ग आहेत. एक, व्यास वाढवा, म्हणजे मोठी काच, मोठा खर्च. दुसरा, नाभीय अंतर कमी करा. मूळ लेन्सच्या मागे आणखी एक बहिर्वक्र भिंग ठेवून हे दुसरं काम करतात. अशा भिंगाला फोकल रिड्यूसर म्हणतात.

करून पाहू

साहित्य : प्लस चारची दोन न कापलेली भिंगं, बुटाचं लांब खोकं, काळा कागद, बटर पेपर, पुठ्ठा, पट्टी.

१. खोक्याच्या आतून काळा कागद लावा. एका टोकाला ५ सेंटीमीटर व्यासाचं भोक पाडून पहिलं भिंग बसवा. समोरचं टोक कापून काढा, तिथून आपण पाहणार आहोत.

२. पुठ्ठ्याच्या चौकटीवर बटर पेपर ताणून चिकटवा. त्यावर अर्ध्या सेंटीमीटरच्या चौकटी आखा. हा झाला सरकता पडदा.

३. पडदा भिंगापासून २५ सेंटीमीटरवर ठेवा आणि डोक्यावर चादर घेऊन दूरची एखादी इमारत पाहा. जिची प्रतिमा सात चौकटी उंच येते अशी इमारत किंवा इमारतीचा भाग निवडा.

४. आता दुसरं भिंग पुठ्ठ्याच्या स्टँडवर पहिल्यापासून १५ सेंटीमीटरवर उभं करा. प्रतिमा पुसट होईल. पडदा हळूहळू पुढे आणा. दुसऱ्या भिंगापासून साधारण ७ सेंटीमीटरवर ती पुन्हा स्पष्ट होईल.

आता चौकटी मोजा. सात चौकटींची प्रतिमा पाच चौकटींची झालेली दिसेल.

हिशोब

दुसरं भिंग नसताना किरण त्याच्या जागेपासून १० सेंटीमीटर पुढे एकत्र येणार होते. या भिंगाने त्यांना आणखी वळवलं. १/२५ + १/१० = ०.१४, म्हणून ते आता १ ÷ ०.१४ म्हणजे ७.१ सेंटीमीटरवर एकत्र येतात. प्रतिमा ७.१ ÷ १० = ०.७१ पट झाली. सातच्या ०.७१ पट म्हणजे पाच. चौकटी खोटं बोलत नाहीत!

नाभीय अंतरही त्याच पटीत घटतं : २५ चं सुमारे १८ सेंटीमीटर. भोक तेच ५ सेंटीमीटरचं. म्हणजे एफ/५ चं एफ/३.६ झालं. मोठ्या मुलांसाठी सोपं सूत्र : घट = १ − (रिड्यूसरपासून पडद्याचं अंतर ÷ रिड्यूसरचं नाभीय अंतर).

मग उजेड वाढला का?

वर्गात मी हे रांगोळीने समजावलं. फरशीवर ७ × ७ चा चौकोन, म्हणजे ४९ घरं. एक वाटी रांगोळी त्यात पसरली, फिकट दिसली. मग तीच रांगोळी गोळा करून ५ × ५ च्या चौकोनात, म्हणजे २५ घरांत पसरली. दाट दिसली. वाटी एकच! ४९ ÷ २५ म्हणजे जवळपास दुप्पट. म्हणून प्रतिमा दुप्पट उजळ.

खोक्यात उजेड येतो तो ५ सेंटीमीटरच्या भोकातून, आणि ते भोक आपण मोठं केलेलं नाही. उलट काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत जातो. म्हणजे दुसऱ्या भिंगाने एकूण उजेड किंचित कमीच केला. फक्त उरलेला लहान जागेत गोळा केला. दहा भिंगं लावली तर प्रतिमा आणखी लहान होईल, वर्ग उजळणार नाही. ट्यूबलाइट लागेलच.

आपल्या महाराष्ट्रातला मोठा रिड्यूसर

ही युक्ती नुसता खेळ नाही. पुण्याच्या आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीला आहे, पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर. ती २००६ मध्ये सुरू झाली. दुर्बीण एफ/१० ची, म्हणजे नाभीय अंतर २० मीटर. तिच्यामागे आयफॉस्क नावाचं उपकरण आहे. त्यात भिंगांचे दोन संच आहेत : पहिला किरण समांतर करतो, दुसरा ते कॅमेऱ्यावर एकत्र आणतो. मिळून एफ/१० चं साधारण एफ/४.५ होतं. म्हणजे हाही फोकल रिड्यूसरच.

फायदा काय? आयफॉस्कचा सेन्सर सुमारे पावणेतीन सेंटीमीटरचा आहे. रिड्यूसर नसता तर त्यावर आकाशाचा जेमतेम पावणेपाच कलांचा चौकोन मावला असता. आता साडेदहा कलांचा मावतो. (पौर्णिमेचा चंद्र साधारण ३० कलांचा.) शिवाय फिकट पसरलेल्या दीर्घिकांचा उजेड सेन्सरवर जवळपास पाचपट दाट पडतो. याच आयुकाच्या आवारात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. सहल पुण्याला जाणार असेल तर विचार करा.

कॅमेऱ्यात घरी बनवता येईल का?

येईल, पण मर्यादा समजून. २०१३ मध्ये मेटाबोन्स कंपनीने 'स्पीड बूस्टर' बाजारात आणला, तो ०.७१ पटीचाच. त्याच काळात का? जुन्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यात आरशासाठी सुमारे ४५ मिलिमीटर जागा लागे. आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत काहींना १८ मिलिमीटरच पुरते. जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला लावली की मधल्या रिकाम्या जागेत रिड्यूसर मावतो. जुन्या लेन्सची प्रतिमा ४३ मिलिमीटर व्यासाची. ती ३० ची झाली तरी २८ मिलिमीटर कर्णाचा लहान सेन्सर झाकला जातो. पूर्वी बाजूला वाया जाणारा उजेड आता कामी येतो. हॉलमध्ये सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल तर साठावा पुरतो.

पण मुळात लहान सेन्सरसाठीच बनवलेल्या लेन्सला रिड्यूसर लावला तर फोटोचे कोपरे काळे पडतील. एकेरी भिंगाने कडा पुसट होतील आणि रंगीत किनार दिसेल. जुन्या दुर्बिणीचं दोन काचा जोडलेलं भिंग त्यापेक्षा बरं. पण त्याचं नाभीय अंतर १५ सेंटीमीटर असेल आणि मागे २ सेंटीमीटरच जागा असेल, तर सूत्राप्रमाणे घट फक्त ०.८७. म्हणजे उजेड दुप्पट नाही, सव्वापटीहून थोडा जास्त. दुकानातला रिड्यूसर महाग का, ते इथे कळतं.

एक सूचना, अगदी मनापासून

हे खोकं सूर्याकडे कधीही धरू देऊ नका. सूर्याची प्रतिमाही लहान आणि दाट होते. कागद एका भिंगाने पेटतो, दोन भिंगांनी लवकर पेटेल. भिंगातून सूर्याकडे डोळा लावणं तर नाहीच नाही. प्रयोग झाला की भिंगं मोजून कपाटात ठेवा.

मी त्या मुलीला वर्गासमोर सांगितलं, "तुझं निरीक्षण बरोबर होतं, माझं शाब्बास चुकलं होतं." ती म्हणाली, "म्हणजे टीचर, उजेड वाढला नाही, दाट झाला." फळ्यावर तिचंच वाक्य लिहिलं. तुम्हीही रांगोळी आणि खोकं घेऊन करून पाहा, आणि तुमच्या मुलांनी काय विचारलं ते जरूर कळवा.