तंबाखू, कडुनिंब आणि गवती चहा

पिकावर कीड पडली म्हणजे शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पहिला प्रश्न असा की, ही कीड आज कशी आवरावी. आणि दुसरा असा की, ती आवरण्यासाठी जे काही आपण फवारू ते उद्या आपल्या मातीला, पाण्याला आणि मुलाबाळांना बाधणार तर नाही ना? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुकानात विकत मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र विचार करूनच शोधावे लागते. अलीकडे ‘सेंद्रिय’ आणि ‘नैसर्गिक’ हे शब्द औषधांच्या बाटल्यांवर जागोजागी दिसू लागले आहेत, आणि जे झाडापासून निघाले ते निर्धोक असलेच पाहिजे, असा समज रूढ होत चालला आहे. हा समज कितपत खरा आहे हे तपासण्यास आपल्या बेळगाव-निपाणी भागाहून सोयीची जागा शोधूनही सापडावयाची नाही. कारण या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आपल्याच शिवारात उभ्या आहेत.

प्रथम निपाणीकडे वळू. निपाणीचे नाव सर्वदूर झाले ते तंबाखूच्या पिकामुळे. तंबाखूच्या पानात निकोटिन नावाचे द्रव्य असते. ते त्या झाडाने माणसासाठी निर्माण केलेले नाही. पाने कुरतडणाऱ्या किड्यांपासून स्वतःचे रक्षण करण्यासाठी झाडाने धारण केलेले ते एक शस्त्र आहे. किड्याच्या मज्जातंतूंतून जे संदेश धावत असतात त्यांच्या वाटेत निकोटिन शिरते, आणि मग किडा थरथरून, लुळा पडून मरतो. हा गुण ओळखून कित्येक पिढ्यांपासून शेतकरी व बागवान तंबाखूचा काढा करून माव्यावर शिंपडीत आले. पुढे त्याच द्रव्यापासून निकोटिन सल्फेट हे औषध तयार होऊन बाजारात आले. म्हणजे हे अगदी अस्सल वनस्पतिजन्य कीटकनाशक होय.

परंतु माणसाचे मज्जातंतूही पुष्कळशा त्याच पद्धतीने काम करतात, ही गोष्ट विसरून चालत नाही. निकोटिन त्वचेतूनही शरीरात शिरते. तंबाखूची ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना मळमळ, ओकारी व चक्कर यांचा जो त्रास होतो त्याचे कारण हेच. निकोटिन सल्फेट इतके जहाल ठरले की, १९९२ साली भारत सरकारने देशात त्याच्या वापरावर बंदी घातली. आणखी एक मौज पाहा. या जहाल पानांवरच सुखाने वाढणारी एक अळी आहे. तिला ‘तंबाखूची पाने खाणारी अळी’ असेच म्हणतात. म्हणजे जे विष माणसाला घातक, त्याला काही किडींनी केव्हाच पचविले आहे! झाडापासून निघालेली प्रत्येक वस्तू सौम्य नसते आणि रामबाणही नसते, हा पहिला धडा आपल्याला निपाणीच्या मळ्यात मिळतो.

दुसरा धडा कडुनिंबाचा. धान्याच्या कणगीत निंबाचा पाला घालण्याची आपल्याकडील चाल जुनी आहे. शास्त्रज्ञांचे लक्ष तिकडे वळविले ते टोळधाडीने. १९५९ साली सुदान देशात टोळांनी सारी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडे तेवढी शिल्लक राहिली, ही गोष्ट श्मुटरर या जर्मन शास्त्रज्ञाने टिपून ठेवली. पुढे १९६२ च्या सुमारास दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान व त्यांचे सहकारी यांनी निंबोळीच्या बियांचे पाणी पिकावर शिंपडले असता टोळ त्या पिकाला तोंड लावीत नाहीत, असे दाखवून दिले. १९६८ मध्ये या गुणाच्या मुळाशी असलेले अझाडिरॅक्टिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

निंबाची रीत तंबाखूहून निराळी आहे. तो किड्याला एका तडाख्यात मारीत नाही. निंबाचे पाणी शिंपडलेले पान अळीला नकोसे होते. आणि तिने ते थोडेबहुत खाल्ले तरी तिची कात टाकण्याची क्रिया बिघडते, त्यामुळे ती वाढू शकत नाही. म्हणूनच निंबाचा प्रभाव लहान अळ्यांवर चांगला पडतो, मोठ्या झालेल्या अळ्यांवर फारसा पडत नाही. शिवाय उन्हाने त्याचा गुण लवकर नष्ट होतो. हा त्याचा दोषही आहे आणि गुणही आहे. कारण जे लवकर विरते ते धान्यात, भाजीत किंवा विहिरीच्या पाण्यात साठून राहत नाही.

निंबोळी अर्काची कृती सोपी आहे. वाळलेल्या निंबोळ्यांच्या बिया कुटून त्यांचा पाच किलो भरडा रात्रभर नऊ-दहा लिटर पाण्यात भिजत घालावा. सकाळी ते पाणी फडक्याने गाळून घ्यावे, त्यात लिटरभर पाण्यात विरघळविलेला दोनशे ग्रॅम साबण मिसळावा, आणि एकंदर शंभर लिटर पाणी करून ते सायंकाळी, उन्हे उतरल्यावर फवारावे. हा अर्क त्याच दिवशी वापरून संपविला पाहिजे. पावसाळ्याच्या तोंडावर निंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या तेव्हाच वेचून, धुवून, सावलीत वाळवून ठेवाव्या लागतात. ज्याने जूनमध्ये वेचल्या नाहीत त्याला सप्टेंबरात कीड दिसल्यावर त्या कोठून मिळणार?

या साध्या ज्ञानाचे मोल किती आहे, हे एका खटल्याने साऱ्या जगाला दाखविले. अमेरिकेचे कृषी खाते आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना निंबतेलाच्या साहाय्याने पिकावरील बुरशी आवरण्याच्या पद्धतीवर युरोपीय पेटंट कार्यालयाने १९९४ साली पेटंट दिले. त्याला डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेच्या सदस्या माग्दा आलव्हुत आणि सेंद्रिय शेतीची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी हरकत घेतली. सुनावणीत पुण्याच्या एका कंपनीचे अभय फडके यांनी साक्ष दिली. १९८५ व १९८६ साली पुणे व सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबाच्या अर्काचे असे प्रयोग झाले होते, असे त्यांनी सांगितले. २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली त्यावरील अपीलही फेटाळले गेले. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातील शेते अशा रीतीने म्यूनिकच्या न्यायासनापुढे उपयोगी पडली! शेतात काय केले, केव्हा केले आणि त्याचा काय परिणाम झाला, याची नीट नोंद ठेवणे किती महत्त्वाचे असते हे यावरून ध्यानात यावे.

आता तिसरी वनस्पती, आपल्या परसातील गवती चहा. त्याचे पान चुरगळले की जो वास येतो तो त्यातील सुगंधी तेलाचा. लवंग, निलगिरी, पुदिना, वेखंड यांतही अशीच तेले असतात. निंबतेल किंवा करंजतेल यांच्याहून ही तेले निराळी होत. करंजतेलाचा थेंब कागदावर टाकला तर डाग कायम राहतो; निलगिरीच्या तेलाचा थेंब टाकला तर काही वेळाने डाग बहुतेक उडून जातो. हा प्रयोग कोणीही घरी करून पाहावा. उडून जाणे हाच सुगंधी तेलांचा धर्म आहे. त्यांच्या वाफेने किडे दूर पळतात, आणि काही मरतातही. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात किंवा कोठीत ही वाफ कोंडून राहते. म्हणून साठविलेल्या धान्यातील किडींवर या तेलांचा उपयोग होण्याचा संभव अधिक. उघड्या शेतात मात्र वाऱ्याने व उन्हाने ती थोड्याच वेळात नाहीशी होतात. त्यातच शंभर किलो ओल्या गवती चहापासून अर्ध्या किलोच्या आसपासच तेल हाती येते. मग एकरभर भातावर ते पुनःपुन्हा फवारणे कोणाला परवडेल? शिवाय मात्रा अधिक झाली तर पिकाची पानेच करपतात; लवंगेच्या तेलाचा उपयोग तर कित्येक ठिकाणी तण जाळण्यासाठी करतात.

येथे वाचक विचारील, मग रासायनिक औषधेच बरी नव्हेत काय? तसेही नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, हा इतिहास ताजा आहे. इंडोनेशियात भातावर वारेमाप फवारणी झाल्यामुळे तुडतुड्यांना खाणारे कोळी व इतर मित्रकीटक मेले आणि तुडतुडे मात्र अनावर झाले. १९८६ साली तेथील सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली आणि शेतकऱ्यांना किडी व त्यांचे शत्रू ओळखण्याचे शिक्षण दिले. त्यामुळे भाताचे उत्पन्न काही बुडाले नाही.

उलट, श्रीलंकेने २०२१ साली रासायनिक खते व औषधे यांची आयात एकाएकी बंद केली, तेव्हा भात व चहा या दोन्ही पिकांना मोठा फटका बसला आणि काही महिन्यांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. असे का झाले? सेंद्रिय शेती म्हणजे एक बाटली टाकून दुसरी उचलणे नव्हे. पिकाला नत्र हवे असते, आणि कोणत्याही सुगंधी तेलातून ते मिळत नाही. ते शेणखतातून, हिरवळीच्या खतातून आणि कडधान्यांच्या मुळांवरील गाठींतून वर्षानुवर्षे साठवावे लागते. ही साठवण हुकमाने एका हंगामात होत नाही.

या दृष्टीने आपल्या वडगाव, शहापूर, येळ्ळूर या पट्ट्याकडे पाहिले म्हणजे मोठा धीर येतो. येथील सुवासिक बासमती भाताची ख्याती आहे. भात निघाल्यावर त्याच जमिनीच्या ओलीवर मसूर, वाटाणा यांसारखी कडधान्ये घेण्याची आपली जुनी रीत आहे. कडधान्य हवेतील नत्र जमिनीत आणून ठेवते. शिवाय पीक बदलल्यामुळे भाताच्या किडीला सलग अन्न मिळत नाही. आपल्या वाडवडिलांनी ही रीत पुस्तकात वाचून घातलेली नव्हती, पण टिकाऊ शेतीचा पाया तो हाच. निंबोळी अर्क या पायावर उभा राहिला तर उपयोगी पडतो. पाया नसेल तर तो केवळ कडू पाणी ठरतो.

म्हणून कोणतेही औषध हाती घेताना, मग ते कारखान्यातले असो वा झाडाचे, तीन प्रश्न विचारावेत. ते कीड सोडून आणखी कोणाकोणाला मारते? ते किती दिवस मागे राहते? आणि आपल्याला ते दरवर्षी परवडेल काय? या प्रश्नांपुढे निकोटिन पहिल्याच ठिकाणी अडते, गवती चहाचे तेल उघड्या शेतात तिसऱ्या ठिकाणी अडखळते, आणि निंबोळी वेळेवर वेचणाऱ्यापुरती तरी तिन्ही परीक्षांत बऱ्यापैकी उतरते.

विद्यार्थी मित्रहो, यातले पुष्कळसे काम तुमच्या हातचे आहे. जूनमध्ये निंबोळ्या वेचण्यासाठी मोठे भांडवल लागत नाही. भाताच्या एका चुडात कोळी किती, तुडतुडे किती, हे मोजण्यासाठी पदवी लागत नाही. एक वही, एक पेन्सिल आणि दर आठवड्याला बांधावर जाण्याची चिकाटी एवढे पुरे. अशी वही ज्या घरात असेल त्या घरातील शेतकरी बाटलीवरील शब्दांना सहसा भुलणार नाही; कारण त्याच्या शेताला काय हवे आहे, हे त्याला त्या वहीतच वाचावयास मिळेल.