बार्सेलोनाचें वळणदार बांक

चौकांतील बांक म्हटलें कीं चार पाय, दोन फळ्या आणि पाठीला टेका, एवढेंच चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. त्याचा विचार वास्तुशिल्पज्ञानें करावा असें कोणास फारसें वाटत नाहीं. स्पेनमधील बार्सेलोना शहरीं अंतोनि गौडी या वास्तुशिल्पज्ञानें मात्र तो मुळापासून केला. ग्वेल उद्यानांतील त्याच्या बांकाची आज ओळख करून घेऊं.

एउसेबि ग्वेल या धनाढ्य कारखानदारानें १९०० सालीं एका टेकडीवर सुमारें ६० घरांची वसाहत वसविण्याचें काम गौडीच्या हातीं दिलें. वसाहतीला एक विस्तीर्ण चौक हवा होता. पण उतारावर सपाट जागा कोठून आणावयाची? गौडीनें ८६ खांबांचा मंडप उभारला आणि त्याच्या छतालाच चौकाचें रूप दिलें. छताला कठडा पाहिजे. म्हणून त्यानें कठड्याचेंच बांक केलें. सुमारें ११० मीटर लांबीचें हें बांक सर्पाप्रमाणें वळणें घेत चौकाच्या कडेनें जातें.

हीं वळणें केवळ शोभेचीं नाहींत. सरळ बांकावर माणसें एका रांगेंत बसतात. शेजाऱ्याशीं बोलावयाचें तर मान वळवावी लागते. येथें आंतल्या वळणांत चारसहा जणांस एकमेकांकडे तोंड करून गप्पा मारतां येतात, तर पुढें आलेल्या वळणावर एखाद्यास एकटेंहि निवांत बसतां येतें.

बांकावरील रंगीबेरंगी अस्तर फरश्यांचे व चिनी मातीच्या भांड्यांचे फुटके तुकडे बसवून केलेलें आहे. त्या सजावटीचें श्रेय मुख्यतः गौडीचा सहकारी जोसेप मारिया जुजोल याचें. अखंड फरशी वांकत नाहीं. तुकडे कोणत्याहि गोलाईवर बसतात. आपल्याकडे गच्चीवर चिनी मातीचे तुकडे बसवितात, तीच ही युक्ति. चौकावर पडणारें पावसाचें पाणीहि वायां जात नाहीं. तें मातींतून गाळलें जाऊन, खांबांच्या आंतून खालच्या टांक्यांत सांठतें.

वसाहतीचा बेत मात्र फसला. भूखंडांना गिऱ्हाईक मिळेना. १९१४ सालीं काम थांबलें, तेव्हां योजनेंतील दोनच घरें उभीं राहिलीं होतीं. ग्वेलच्या मृत्यूनंतर नगरपालिकेनें ती जागा घेतली व १९२६ सालीं सर्वांस खुली केली. मूठभर श्रीमंतांसाठीं योजिलेलें बांक असें साऱ्या नगराचें झालें. पण लौकिकालाहि किंमत असते. प्रवाशांची गर्दी इतकी वाढली कीं २०१३ पासून या भागांत येणाऱ्या पाहुण्यांस तिकीट घ्यावें लागतें. वास्तूचें रक्षण व्हावें, हें खरें. पण थकल्या वाटसरूनें सहज येऊन टेकावें हा बांकाचा मूळ धर्म तेवढा उणा होतो, हेंहि खरें.

म्हणून आपल्या शहरांत नवें बांक मांडतांना तें किती सुंदर दिसेल एवढेंच पाहूं नये. तेथें दोन अनोळखी माणसांना बोलतां येईल काय, आणि कोणीहि येऊन बसूं शकेल काय, हें आधीं विचारावें. रंगांचा विचार मागाहून करतां येतो.